रेइनोसाठी चाप

रेइनो पेल्टोलासारखा नेमबाज आमच्या गावात झाला नाही, असं मी म्हटलं तर आमच्या शिकारीच्या कॅम्पातले बाकीचे माझ्या अंगावर येतील, पण मनातून त्यांनाही ते मान्य आहे. मिशिगनच्या या उत्तर टोकाला झाडं तोडण्यात त्याची हयात गेली. बोलायचा कमी, आणि बोलला तरी हवामानाबद्दल. त्याची बायको ऐलीन सांगते, लग्नाचं विचारलं तेही गाडीचं चाक बदलताना, मान वर न करता.

चेनसॉने त्याचं पोट भरलं आणि बोटं खाल्ली. म्हणजे बोटं जागेवर आहेत, पण वर्षानुवर्षं यंत्राची थरथर सोसून आतल्या नसा मेल्या. थंडी पडली की ती मेणबत्तीसारखी पांढरी होतात. शर्टाची बटणं ऐलीन लावून देते. गावात हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याच्यासमोर कोणी विषय काढत नाही.

आमच्या कॅम्पात एक रीत आहे. हरणावर गोळी झाडली आणि चुकली, की संध्याकाळी त्या माणसाच्या शर्टाची मागची बाजू कापायची आणि तो तुकडा भिंतीवर ठोकायचा. ज्याचा शर्ट, खिळा त्यानेच मारायचा. माझे तुकडे इतके आहेत की कॅम्पातला हार्लन म्हणतो, डेलच्या शर्टांची गोधडी शिवता येईल. रेइनोचा एकही नव्हता. मग अलीकडच्या मोसमांत लागोपाठ लागायला लागले. गेल्या वर्षी त्याचा नेम चुकला तेव्हा आम्ही हसलो, तोही हसला. पण ते हरीण नुसतं चुकलं नव्हतं, जखमी होऊन दलदलीत शिरलं होतं. रेइनो ते शोधत फिरला, बर्फ पडून रक्ताचा माग बुजेपर्यंत. सापडलं नाही. त्यानंतर तो महिनाभर कॉफीलासुद्धा गावात आला नाही.

यंदा पानं गळायला लागली तेव्हा तो माझ्या दुकानात आला. मी गळ विकतो, शेगडीचे पाइप विकतो आणि बंदुका विकतो. त्याने रायफल काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, चाप बदलून दे.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कारखान्यातून आलेला तो चाप जड होता, गंजल्या बिजागरीसारखा घासत घासत मागे यायचा. बोटात जोर नाही म्हणून रेइनो सगळा पंजा आवळायचा आणि नळी हलायची. मी म्हटलं, एवढंच ना, आणि माझ्याकडचे चाप त्याच्यापुढे मांडले. एक एकदम हलका, निशाणबाजीच्या स्पर्धेवाल्यांचा. एक स्क्रू फिरवून कमीजास्त करता येणारा. आणि एक दोन टप्प्यांचा: आधी थोडा सैल येतो, मग बोटाला भिंत लागल्यासारखी वाटते, तिथे थांबायचं, आणि मग जरासं दाबलं की गोळी सुटते. मला तोच त्याच्यासाठी बरा वाटला. आपण कुठवर आलो ते बोटाला कळतं. मी मोठ्या हौसेने तो बसवला.

रिकामी रायफल खांद्याला लावून रेइनोने दारावरच्या पेंढा भरलेल्या माशावर नेम धरला. मी म्हटलं, भिंत लागली की सांग.

"अजून नाही लागली," तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यातच टक् करून चाप सुटला.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्याने रायफल खाली घेतली आणि आपल्या बोटाकडे बघत राहिला. "भिंत लागलीच नाही रे," म्हणाला.

मग स्क्रूवाला बसवून घट्ट केला, तर नळी जुन्या चापासारखीच हलली. हलका बसवला, तर बोट टेकायचा अवकाश, सुटून गेला. रेइनो म्हणाला, हाच दे, हरीण पक्कं दिसल्याशिवाय बोट आत घालणारच नाही. माझं डोकं फिरलं.

"बोट आत आहे का बाहेर, हे तुला कळतं का? समोरून हार्लन चालत आला तर?"

त्याने रायफल परत काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "मग कुठला घेऊ?"

बघतो म्हणालो. खरंच बघितलं, चाप बनवणाऱ्यांना फोन केले, सगळे गोड बोलले. चाप कितीही प्रकारचे मिळतात, बोट कोणी विकत नाही. शेवटी मी त्याचा जुनाच चाप परत बसवून दिला. त्याने आभार मानले, आणि मला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

ऐलीन दुकानात आली. म्हणाली, "या वर्षी घरी बस म्हण त्याला. तुझं ऐकेल."

"तूच म्हण की."

"मी नाही म्हणणार," ती म्हणाली आणि काहीही न घेता गेली. मीही म्हटलं नाही. म्हणायचं काय? आमच्यात नेम चुकलेला माणूस कॅम्पातला असतो. बंदूक न चालवणारा पाहुणा असतो.

मोसमाच्या पहिल्या दिवशी वारा अजिबात नव्हता. अशा थंडीत एकेक गोळी ऐकू येते आणि ती कोणाच्या बाजूने आली ते आम्ही बसल्या जागी ओळखतो. हार्लनची ऐकली. माझी तर मीच झाडली होती. दलदलीकडून, जिथे रेइनो बसतो तिथून, दिवसभर काही आलं नाही.

कॅम्पाचा नियम आहे, आत येण्याआधी ओसरीवर काडतुसं काढायची. रेइनो आला तेव्हा मी तिथे लाकडं उचलत होतो. त्याने काडतूस बाहेर काढायचा बोल्ट मागे ओढला. काहीच बाहेर पडलं नाही. पुन्हा ओढला, नियम म्हणून. रायफल रिकामी होती. सकाळी नेली तेव्हाही रिकामीच असणार. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी लाकडांकडे.

आत जाऊन तो शेगडीपाशी उभा राहिला. "चुकलो," म्हणाला. "मोठा नर होता. शिंगांना आठ टोकं. झाडीतून बाहेर आला, उभा राहिला, माझ्याकडे बघत होता. चुकलो."

आणि आमच्याकडे पाठ करून त्याने शर्ट पॅन्टीतून बाहेर ओढला.

कोणी हसलं नाही. गोळी ऐकलीच नव्हती, हे प्रत्येकाला माहीत होतं. हार्लनसारखा तोंडाळ माणूस, तोही हातातला पत्ता न टाकता बसून होता. मग त्याने विचारलं, "किती लांब होता?"

"जवळच होता."

"वाईट झालं," हार्लन म्हणाला.

कात्री माझ्याकडे होती. शर्ट नवाकोरा होता, घड्या मोडल्या नव्हत्या. आजच्यासाठीच घातला असावा. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता. मी कापला.

त्याने हातोडा घेतला. खिळा त्याच्या चिमटीत राहीना. पडला, त्याला कळलं नाही, तो मोकळी चिमूट भिंतीला टेकवून हातोडा उगारून उभा. मी खिळा उचलला आणि त्याच्या जागी धरला.

"बोट सांभाळ, डेल," तो म्हणाला आणि हातोडा मारला.