कास्तूचं रडणं

फाब्रिसचा फोन ठेवला आणि ओदील ब्रुनेल स्वयंपाकघरात चक्क नाचली. "कास्तूचा सिनेमा येतोय, गुरुवारी स्टुडिओत ये," एवढंच तो म्हणाला होता. कास्तू म्हणजे कार्टूनमधलं बीव्हरचं, ओढ्यावर फांद्यांची धरणं बांधणाऱ्या प्राण्याचं, पिल्लू. मूळचं कॅनडाचं, पण फ्रान्समधल्या पोरांसाठी ते वीस वर्षं ओदीलच्या गळ्यातून बोलत होतं. डबिंगवाल्यांचा शिरस्ताच आहे, एकदा आवाज दिला की ते पात्र तुमचं. तुम्ही हयात असेपर्यंत दुसरं कोणी त्याला हात लावत नाही.

हे पात्र तिला कोणी ताटात वाढून दिलं नव्हतं. लिमोझहून पॅरिसला ती आली नाटकात नाव काढायला. 'उंची कमी, आवाज पोरासारखा' म्हणून नाटकवाल्यांनी तिला वाटेला लावलं. मग डबिंगमध्ये गर्दीतली कुजबुज, फोनवरची बाई, दारामागची किंकाळी. माइकसमोरची दांडी धरून उभं राहायचं, चित्राखालून संवादांची पट्टी सरकत येते, शब्द उभ्या रेघेला टेकला की तो तोंडातून बाहेर पडलाच पाहिजे. तिथे ती घडली. फाब्रिसला दिग्दर्शक होण्याआधी ती पट्टी वाचायला शिकवली हिनेच.

गुरुवारी ती कोपऱ्यावरच्या बेकरीतून सगळ्यांसाठी साखर लावलेल्या शुकेतची पिशवी घेऊन गेली. गालाला गाल लावून झाले, तिने दांडी धरली, चित्र सुरू झालं. कास्तूचं धरण पुरात फुटतं आणि बाप सापडत नाही, तो प्रसंग. पण पट्टीवर कास्तूचे शब्द फिकट करून ठेवलेले. ठळक होत्या त्या फक्त हुंदक्यांच्या खुणा.

"माझे शब्द का पुसलेत रे?"

"ते लोरिकने बोललेत," फाब्रिस काचेपलीकडून म्हणाला. "टीव्हीवरचा गं, प्रश्नमंजूषावाला. वरच्यांना पोस्टरवर त्याचं नाव हवंय. फक्त त्याला रडता येत नाही. रडला की दमा झाल्यासारखं वाटतं. तेवढं तू दे."

"म्हणजे बोलणार तो आणि रडणार मी?"

"मनावर घेऊ नकोस, ओदील."

"मग कशावर घेऊ? बाजारात भाजीवर पार्सलीची जुडी फुकट टाकतात, तसं माझं रडणं त्याच्या पिशवीत टाकतोयस होय? आणि हे सांगायला तुला फोनवर तोंड नव्हतं?"

तिची कानशिलं तापली होती. लोरिकवर तिचा राग नव्हता, त्या बिचाऱ्याला शिरस्ता काय ठाऊक! फाब्रिसला मात्र सगळं ठाऊक होतं. निघूनच जायचं होतं तिला, पण पडद्यावर कास्तू पुराच्या काठाशी तोंड उघडून मुका उभा होता. ते तिला बघवेना.

"लाव पट्टी."

ती रडली. पण हुंदक्यांबरोबर तिने ते फिकट शब्दही उच्चारले. प्रत्येक शब्दात हुंदका अडकलेला, प्रत्येक हुंदक्यात अर्धा शब्द.

"अगं, हे कापू कुठून मी?" फाब्रिस कळवळला. "नुसतं रडून दे ना."

"पोरगं बापाला हाका मारत रडतं, फाब्रिस. नुसतं रडणं सुटं मिळत नाही. अख्खा प्रसंग माझ्या आवाजात घे, नाहीतर काहीच घेऊ नकोस."

"वरचे ऐकणार नाहीत."

"मग लोरिकला म्हणावं कांदे चिर." तिने कोट उचलला. दारापर्यंत जाऊन परत फिरली आणि शुकेतची पिशवीही उचलली. मेट्रोत रागारागाने तिने सगळी संपवली.

सिनेमा नाताळच्या सुट्टीत लागला. बघायचा नाही असं ठरवून ती बघायला गेलीच. मोंत्रयच्या थिएटरात पोरंच पोरं. लोरिक कास्तूच्या तोंडून हवामानाच्या बातम्या वाचल्यासारखा बोलत होता. पूर आला. कास्तूने तोंड उघडलं आणि त्यातून निघाली व्हायोलिनं. एक हुंदका नाही. फाब्रिसने रडण्याच्या जागी नुसतं संगीत ओतलं होतं.

"आई, तो रडत का नाही?" पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारलं.

ओदीलने समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. आता पट्टी नव्हती, रेघ नव्हती. कास्तूचे ओठ हलले आणि तिचा पहिला हुंदका बरोबर त्यावर पडला. "पापा!" अंधारात माना वळल्या.

"अहो बाई, गप्प बसा!" मुलीची आई फिसकारली. "मुलांना सिनेमा ऐकू द्या की!"

"मग तोच तर ऐकवतेय!" ओदील ओरडली आणि कास्तूचं तोंड पुन्हा उघडायच्या आत तिने श्वास भरून घेतला.