सोनार गावाला गेलाय

ज्याच्याशी आमच्या ह्यांच्या रोह्याच्या मामांचं नातं निघणार नाही, असा माणूस रायगड जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. "गाव कुठलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न आणि "आईचं माहेर कुठलं?" हा दुसरा. तिसऱ्याची सहसा गरजच पडत नाही, कारण तोवर समोरचा माणूस त्यांचा भाचा नाहीतर साडू झालेला असतो. एकदा एस.टी.त सुट्ट्या पैशांवरून त्यांची कंडक्टरशी चांगलीच जुंपली. नागोठणं येईपर्यंत तो कंडक्टर त्यांच्या चुलत मेहुणीचा दीर निघाला आणि ते सुट्टे पैसे कुणीच घेईना, तेव्हा पुढच्या सीटवरच्या रडणाऱ्या पोराच्या मुठीत गेले. रोह्याहून पेणला आमच्याकडे यायचा प्रवासही मामांनी कधी सलग केला नाही. नागोठण्याला कुणी आजारी असतं, गडबला कुणाची म्हैस व्यालेली असते, आणि वडखळच्या नाक्यावर तर कुणी ना कुणी ओढून चहाला नेणारच. मी घरात सगळं यादी करून चालवणारी बाई आहे. दुपारच्या जेवणात मी त्यांचं ताट धरायची, आणि ते उगवायचे दिवेलागणीला, हातात कुणीतरी दिलेला भोपळा आणि ज्या लग्नाला आमच्यातलं कुणीही जाणार नाही त्याची पत्रिका घेऊन.

फोनच्या बाबतीत तर त्यांची तऱ्हा जगावेगळी. आपण चुकीच्या नंबरावर वैतागतो, मामा खूश होतात. "चुकला तर चुकला, पण आलास ना?" असं म्हणून ते आधी जेवणाची चौकशी करतात. कर्ज घ्या म्हणून मागे लागणाऱ्या मुलींचे फोन आपण ताडकन बंद करतो. मामांनी त्यातल्या एकीला आवाज बसलाय म्हणून ज्येष्ठमध चघळायला सांगितला, आणि तिने दोन दिवसांनी घसा मोकळा झाल्याचं कळवायला परत फोन केला. कर्जाचा विषय दोघांच्याही लक्षात राहिला नाही. स्वतःहून फोन ठेवणं हा त्यांच्या मते समोरच्याच्या तोंडावर दार लावण्याचा प्रकार. त्यामुळे त्यांच्याशी बोलणं संपवायचं तर आपल्याकडे दूध उतू गेल्याची बतावणी तयार हवी. मी ती यादीतच लिहून ठेवली होती.

अशा माणसाचा व्यवहारात काय उपयोग, असं मला वाटायचं. मग ते बिल आलं.

सासूबाईंना, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीला, न्यूमोनिया झाला म्हणून एका मोठ्या खाजगी रुग्णालयात ठेवलं होतं. शनिवारी घरी सोडलं, सगळे पैसे भरले, पावती घेतली. महिन्याभराने आणखी एक बिल आलं: त्या शनिवारनंतरच्या बुधवारपर्यंतचं खाटेचं भाडं, ऑक्सिजन, नर्सची फी. त्या दिवसांत सासूबाई पेणला आमच्या ओटीवर बसून लसूण निवडत होत्या. मी रुग्णालयात गेले, घरी सोडल्याचा कागद दाखवला, मेल केल्या, प्रत्येक कागदाला रंगीत खूण लावून फाइल केली. खिडकीतून एकच उत्तर: "कॉम्प्युटरमध्ये बाकी दिसतेय." पुढे ती बाकी त्यांनी वसुलीवाल्यांकडे सोपवली आणि आमचं घर ढवळून निघालं.

सकाळ-दुपार फोन. ह्यांची डोलवीच्या कंपनीत शिफ्ट, तिथे फोन. माझ्या शाळेच्या ऑफिसात फोन. मी नियम सांगायची, फोनवरचा वसुलीवाला आवाज चढवायचा. शेवटी त्याने शेजारच्या वहिनींना फोन लावला, आणि त्यांनी अंगणातून मोठ्याने विचारलं, "अहो, तुमच्याकडं कसली वसुली निघालीय?" ते सासूबाईंनी ऐकलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नुसता चहा. "माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून या दारात मागणारा आला नाय," एवढंच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मामा आले, तेव्हा सासूबाईंनी कपाटातून रुमालात बांधलेल्या पाटल्या काढून भावाच्या हातावर ठेवल्या.

"भाऊ, तुझ्या घराखाली सोनार हाय ना? मोडून टाक. त्यांचे पैसे फेकून मोकळे होऊ."

"आई, आपण एक पैसा देणं लागत नाही!" मी म्हटलं.

"तू गप गो. तुला तुझी फाइल, मला माझं तोंड."

माझी सगळी आशा मामांवर. त्यांनी रुमाल उचलला, खिशात टाकला आणि म्हणाले, "बघतो." माझा असा संताप झाला की भोपळा चिरताना सुरीच वाकली. लग्नातल्या पाटल्या होत्या त्या. सासरे गेले तेव्हाही सासूबाईंनी दोन दिवस हातातून काढल्या नव्हत्या. फाटकाशी मामा मला हळूच म्हणाले, "सूनबाय, त्या फोनवाल्याला माझा नंबर दे. सांग, व्यवहार म्हातारीचा भाऊ बघतो." मी दिला. एवढ्या रागातही मला त्या वसुलीवाल्याची थोडी दया आली.

त्यानंतर आमच्याकडचे फोन थांबले. सासूबाई मात्र रोज भावाला विचारायच्या, "विकल्यास?" आणि मामांचं ठरलेलं उत्तर, "सोनार गावाला गेलाय गो." आठवडा गेला, सोनार गावालाच. मी कामासाठी रोह्याला गेले, तर सोनार आपल्या दुकानात बसून वर्तमानपत्र वाचत होता. वरच्या मजल्यावर मामा फोन कानाला लावून पाय हलवत बसलेले. फोनचा आवाज मोठा करायची त्यांना सवय, म्हणून दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"काका, पैसे कधी भरताय?"

"भरू रे. आधी सांग, आज जेवलास?"

"काका, विषय बदलू नका."

"विषय तोच हाय. रोज बोलतोस, माणूस कोण ते नको कळायला? आईचं माहेर कुठलं?"

पलीकडून जरा खालच्या आवाजात, "गडब."

"मग असं बोल ना भाच्या!" मामा उठून उभेच राहिले.

तो काही भाचा व्हायला तयार नव्हता. कडक आवाजात म्हणाला, "मला घरी यावं लागेल." धमकीच होती ती. मामांना ते आमंत्रण स्वीकारल्यासारखं वाटलं. "ये की! रविवारी ये, पोपटी लावतो." आणि मला, "सूनबाय, अंडी नि ओवा घेऊन ये. आक्काला पण आण."

पोपटी म्हणजे आमच्याकडचा हिवाळ्याचा सण. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, बटाटे भरायचे, तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. यात मामांचे दोन कायदे. मडकं उघडेपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि जाळाजवळ पैशाचं बोलायचं नाही. बोललं तर शेंगा कडू होतात.

रविवारी संध्याकाळी तो मोटारसायकलवरून आला. तिशीचा असेल, चेहरा ताठ, खांद्याला बॅग. शेतात येऊन त्याने बॅगेची चेन उघडली आणि म्हणाला, "काका, रक्कम—"

"कडू होतील!" मामा ओरडले. "आधी पाला आण. त्या बांधावर हाय. भांबुर्डी ओळखतोस ना, का आईचं नाव घालवणार?"

तो पाला घेऊन आला. मग मामांनी त्याला मडकं उपडं करायला लावलं, मग जाळ फुंकायला. मी मांडीवर फाइल घेऊन बसले होते, आणि माझी जीभ कशी आवरली ते माझं मला माहीत. मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, मडकं उघडलं. वाफेबरोबर तो ओवा-पाल्याचा वास आला आणि त्या माणसाचा ताठपणा बघता बघता उतरला. "आई गेल्यापासून खाल्ली नव्हती," तो म्हणाला. सासूबाईंना तो कोण हे नीट उमगलं नव्हतं. त्या शेंगा सोलून दाणे त्याच्या पुढ्यात ठेवत राहिल्या. "खा रे. हाडं दिसतायत तुझी."

खाता खाता त्याने मामांना विचारलं, "ह्याच का त्या पेशंट?"

"ह्याच."

त्याने हात पुसले आणि माझ्याकडे वळला. "मॅडम, कागद द्या."

मी दिले. तो मोबाइलच्या उजेडात वाचत गेला. घरी सोडल्याचा शनिवार, बिलातला बुधवार. "मला हे कुणी पाठवलंच नाही. आमच्याकडं फक्त नाव, नंबर आणि रक्कम येते." त्याने फोटो काढले, तिथेच शेरा लिहिला: बिलावर वाद आहे, वसुली थांबवून प्रकरण रुग्णालयाकडे परत पाठवावं. माझ्या मनात आलं, या शेऱ्याने त्याचं कमिशन गेलं. मामांच्याही मनात आलं असावं, कारण निघताना त्याच्या बॅगेत मावतील तेवढ्या शेंगा त्यांनी कोंबल्या. तो सासूबाईंच्या पाया पडला आणि शेजारच्या वहिनींना केलेल्या फोनबद्दल माझ्याकडे न बघता "चुकलंच" म्हणाला.

काही आठवड्यांनी रुग्णालयाचं पत्र आलं, बाकी शून्य. मी मामांना कळवलं. ते पेणला आले, अर्थात दिवेलागणीला, नागोठणं, गडब, वडखळ करत. पिशवीतल्या वालाच्या शेंगा त्यांनी ओटीवर ओतल्या आणि शेंगांतून रुमालाची गाठ घरंगळली.

"मामा! या उघड्या पिशवीतून सोनं आणलंत? तीन ठिकाणी उतरून?"

"वडखळला चहाच्या टपरीवर विसरली पण होती," मामा शांतपणे म्हणाले. "टपरीवाला धावत आला. आपलाच हाय तो."

सासूबाईंनी पाटल्या हातात चढवल्या, दोनदा फिरवून बघितल्या. "आणि सोनार?"

"नाय आला गो अजून गावाहून."

"लबाडा," त्या म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "सूनबाय, पान वाढ. मी पण बसते."

आता मामांना ऐकू येत नाही. यंत्र आणून दिलं, ते डब्यात आहे. त्यात सगळ्यांचे आवाज सारखेच येतात म्हणे. तो वसुलीवाला ते काम सोडून केव्हाच दुसरीकडे लागला, पण दर हिवाळ्यात पोपटीचं मडकं तोच उपडं करतो, कारण मामांचे गुडघे आता शेतात बसू देत नाहीत. मामी सांगतात, त्याचा फोन येतो तेव्हा मामा आपलं आपलं बोलत राहतात आणि तो पलीकडे नुसता ऐकतो. मीही दर सोमवारी फोन करते. ते विचारतात, "जेवलीस का गो?" मी जोरात सांगते, जेवले. थोड्या वेळाने ते पुन्हा विचारतात आणि मी पुन्हा सांगते. गॅसवरचं दूध मी आधीच उतरवून ठेवलेलं असतं.