गालांवरची चार बोटं

लिंबाच्या सालीचं तेल चेहऱ्याला लावून उन्हात बसू नये. आता हे बाटलीवरच छापलेलं असतं. नात मला ते वाचून दाखवते आणि अरोमाथेरपी म्हणजे काय ते समजावते. मी म्हटलं, बाई गं, तुझ्या या थेरपीनं माझ्या गालांवर काय काढलं होतं ते ऐक आधी.

फाळणी होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही बदलापूरला राहायचो, वडील अंबरनाथला कारखान्यात कारकून. आई कापड घ्यायला उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात जायची. तिथे बराकीत एक सिंधी बाई सरबतं करून विकायची. उरलेल्या साली ती फेकत नसे. त्या दाबून सुटलेलं तेल फडक्यावर टिपायची आणि फडकं बाटलीत पिळायची. झोप येत नसेल तर संत्र्याचं, डोकं चढलं असेल तर लिंबाचं. "दो बूंद रुमाल पे डालो, बस सूंघो," एवढंच तिचं सांगणं. घरदार सोडून आल्यापासून तिची स्वतःची झोप उडाली होती. उशाला संत्र्याचं तेल असलं की डोळा लागतो म्हणायची. आईची अर्धशिशीही त्या लिंबाच्या वासानं उतरायची, हे मी पाहिलेलं आहे.

पण आमची आई एका गुणावर थांबेल तर शपथ! त्या वैशाखात ठाण्याचे लोक मला बघायला यायचे होते. मुलगा चांगल्या नोकरीत, घर स्वतःचं, आणि मी ही अशी सावळी. "रंगाचं तेवढं बघा," असं मध्यस्थ बजावून गेले होते. माझ्या पाठीवर दोन बहिणी. हे स्थळ हातचं गेलं तर पुढे कसं, या काळजीनं आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिनं मनाशी ठरवलं, जे डोकं थंड करतं ते रंग उजळणारच. त्यातून लिंबू म्हणजे बघायलाच नको. सकाळी तिनं चार बोटं तेलात बुडवून माझ्या दोन्ही गालांवर ओढली. "मुरू दे जरा. तोवर पापडांपाशी बस, कावळे टपलेत."

बसले मी अंगणात दुपारपर्यंत. वास इतका सुरेख होता की, खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं आता होतेय मी गोरी.

दुसऱ्या दिवशी गालांची नुसती आग. मग फोड आले, आणि फोड बसले तिथे तपकिरी पट्टे राहिले. कुणी दोन्हीकडून मुस्काटात मारावी तशी आईची चारही बोटं उमटलेली. ती साय लावायची आणि रडायची. "माझ्याच हातानं झालं गं!" मला तिचा भयंकर राग यायचा, पण ते रडणं बघून भांडताही यायचं नाही.

ठाण्याचे लोक आले. पावडरीच्या थराखालूनही पट्टे दिसत होते. पोहे संपल्यावर मुलाच्या आईनं विचारलं, "मुलीला मारलंय का कुणी?" आईनं जे झालं ते खरंखरं सांगितलं. त्या हसल्या. मुलगा बशीकडेच बघत होता. आठवड्यानं मध्यस्थ निरोप घेऊन आले: मुलगी पसंत आहे, पण डाग गेले की कळवा.

मग काय, रोज सकाळी पहारा. आई मला दारात उजेडाला उभी करायची आणि हनुवटी धरून एकेक गाल वळवायची. सिंधी बाईला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "अरी, सूंघने का था!" पावसाळा गेला, दसऱ्याला पट्टे फिके झाले आणि दिवाळीत पार गेले. भाऊबीज झाल्यावर वडील कोट चढवून मध्यस्थांकडे निघाले.

आई दारात आडवी आली. "कळवू नका."

"अगं, डाग गेले की! याचीच तर वाट बघत होतीस."

"बघत होते. पोटच्या पोरीला रोज बाजारातल्या भोपळ्यासारखी फिरवून फिरवून बघत होते, लाज वाटते मला. उद्या ही आजारी पडली की ते हिला माझ्या दारात आणून सोडतील, आणि म्हणतील, बरी झाली की कळवा."