विम्याची बाई

सोलापुरात जप्तीचं घर कुणी सुखासुखी घेत नाही. स्वस्तात मिळालं तरी नाही. "कुणाच्या तळतळाटावर वास्तुशांत करायची, म्याडम?" असं गिऱ्हाईक तोंडावर विचारतं, आणि त्यात त्याचं फार चुकतं असंही नाही. माझा सगळा धंदा या एका भीतीवर उभा आहे. बँकेचे हप्ते थकलेली घरं मी विकून देते, पण सरकारी माणसं येऊन भांडीकुंडी रस्त्यावर काढायच्या आत. मालकानं राजीखुशीनं विकलं तर बँकेचं भागून त्याच्याही हातात काहीतरी उरतं. एकदा दाराला सील लागलं की लिलावात जे येईल ते खरं.

आधी मी अशाच एका बँकेत वसुलीच्या टेबलावर सात वर्षं काढली. तेव्हा नोटिसा पाठवायची, आता नोटिसांच्या पुढं पळते. नवरा म्हणतो, पाप फेडतेयस. मी म्हणते, हो, दोन टक्के कमिशन घेऊन फेडतेय.

तो माणूस माझ्या ऑफिसात आला तेव्हा त्यानं पायरीवर चपला काढल्या. असं कुणी करत नाही. पन्नाशीचा असेल. पूर्व भागात स्वतःचं घर, पुढच्या खोलीत टॉवेलचे चार माग, चारही बंद. माग घ्यायला घर गहाण टाकलेलं. कागद नीट फाइलला लावलेले, बँकेची पहिली नोटीससुद्धा. मी जप्तीपर्यंतचे दिवस मोजले. घाई केली तर जमेल एवढे होते.

"एकच हाय म्याडम," तो म्हणाला. "मालकिणीला कळू द्यायचं न्हाय. लई मनाला लावून घेती ती. इक्री पक्की झाली की मीच सांगतो की."

"मग घर दाखवू कसं? मी आणि गिऱ्हाईक काय हवा खायला आलो म्हणायचं?"

त्याचाही विचार त्यानं करून ठेवला होता. "विम्याची बाई म्हणून या."

मला हसू आलं. याआधी मी घरपट्टीवाली झाले होते, मीटर बघायला आलेली झाले होते. विम्याची बाई तेवढी राहिली होती. बरं म्हटलं.

त्याची बायको दारातच सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली असायची. बोलायला कमी, हात मात्र थांबायचे नाहीत. पहिल्या दिवशी तिनं चहा दिला आणि माझ्या बॅगेकडं बघत राहिली. दुसऱ्यांदा मी गिऱ्हाईक घेऊन गेले. ते कापडाचे व्यापारी, 'आमचे मोठे साहेब' म्हणून मी त्यांना खपवलं. साहेब भिंती ठोकून बघत होते, छताचे तडे बघत होते. विमा उतरवणारे भिंती कशाला ठोकतील, हे तिनं विचारलं नाही. तिनं वेगळंच विचारलं.

"ह्या वयात विमा कशाला हो, अक्का?"

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी तिला भाषणच दिलं. माणसाचं काय सांगता येतं, आज आहे उद्या नाही, मागं बायकामुलांचं कोण बघणार, तुमच्याच भल्यासाठी चाललंय. अगदी खऱ्या एजंटासारखं बोलले आणि मनातून खूश झाले. ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती नवऱ्याकडं बघत होती.

निघताना तो ओट्यापर्यंत आला. मी चपला घालत होते.

"म्याडम, एक इचारू? मी गेलो, तर लोन माफ हुतंय काय?"

माझं डोकंच फिरलं. "पुन्हा असलं अभद्र बोलाल तर फाइल तोंडावर फेकीन," मी म्हणाले. तो ओशाळं हसला, उगंच इचारलं म्हणाला. आत पानं कापायची कात्री चालत होती, ती थांबली. तेवढं मला कळलं. पुढं काही कळलं नाही.

त्यानंतर माझी झोप कमी झाली. रात्री फोन वाजला की त्याच्याच घरून असेल असं वाटायचं. मी कामाचा वेग वाढवला. व्यापाऱ्यांनी इसार दिला, शाखेच्या मॅनेजरनं 'पैसे आणा, लगेच ना-हरकत देतो' असं सांगितलं. खरेदीखत पुढच्या सोमवारी करायचं ठरलं. इसाराच्या कागदावर सही घ्यायला गेले तेव्हा ती विड्या द्यायला बाहेर गेली होती. दारावर, कडीच्या वर, खळीचा एक चौकोन दिसला. चिकटवलेला कागद सोलून घेऊन कुणीतरी वर ओलं फडकं फिरवलेलं. सात वर्षं असे कागद दारादारांवर लावायला पाठवणारी मी! आणि मला वाटलं, क्लासची जाहिरात असेल. सही घेतली आणि निघाले.

शुक्रवारी सकाळी त्याचा फोन आला. "म्याडम, पोलीस आल्यात. कुलूप आणलंय त्यांनी."

मी पोचले तेव्हा निम्मं सामान रस्त्यावर होतं. त्यांच्या गल्लीत त्या दिवशी चार दिवसांनी पाणी आलं होतं, सगळी पिंपं काठोकाठ भरलेली. ती शेजारणींना सांगत होती, "न्या की, वाया कशाला घालवायचं." बायका मुकाट्यानं घागरी भरून नेत होत्या. रडत कुणीच नव्हतं, आणि त्यानं मला जास्त भीती वाटली.

तहसीलच्या साहेबांना मी सोमवारचं सांगितलं, इसाराची पावती दाखवली. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "हे चार दिवस आधी आणलं असतं तर तारीख वाढवून दिली असती. पंधरा दिवसांपूर्वी ताब्याची नोटीस दाराला लावलीय." मोबाइलवर फोटो दाखवला. कडीच्या वर कागद, त्यावर आजची तारीख.

मॅनेजरला वसुली खात्याचं माहीत नव्हतं. एका टेबलाचं दुसऱ्याला माहीत नसतं, हे मला माहीत असायला हवं होतं. पण राग मी काढला तो त्या माणसावर. भर गल्लीत ओरडले, "नोटीस लपवलीत माझ्यापासून? एक अर्ज दिला असता तर वाचलं असतं घर!"

"कसली नोटीस?" तो म्हणाला. खरंच विचारत होता.

व्यापाऱ्यांचा फोन आला. कुणीतरी बातमी पोचवली होती. आवाज न चढवता ते म्हणाले, इसार परत करा, सील लागलेल्या घरात आमच्या सुनेला नाही आणायचं. मी वाद घातला नाही.

साहेब कुलूप लावायला निघाले तेव्हा तिनं मला पिंपांच्या आडोशाला ओढलं. रस्त्यावर काढलेल्या तांदळाच्या डब्यात हात घालून घडी घातलेला कागद काढला. मागं खळीचे पापुद्रे तसेच होते.

"ते घरात न्हवते तवा लावला," ती म्हणाली. "शेजारच्या पोरीनं वाचून दाखवला."

"मग मला का नाही सांगितलं? त्यांना का नाही सांगितलं?"

"तुमाला कसं सांगू? तुमी आला की त्या रात्री मला झोप न्हवती. मी गेलो तर लोन माफ हुतंय काय, असं ते तुमाला इचारत हुते. मी ऐकलं की. ही तारीख बघितली असती तर त्यांनी जिवाचं काय तरी करून घेतलं असतं. विमा मिळावा म्हनून."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिनं माझा हात धरला. पाण्यात राबून तिचे हात गार पडले होते.

"घर गेलं तर जाऊ द्या, अक्का. त्यांचा विमा तेवढा बंद करून टाका. पाया पडते तुमच्या."

"करते," मी म्हणाले.

"आजच करा," ती म्हणाली, आणि नवरा कुठं दिसतोय ते बघायला तिनं मान वळवली.