मास्तरांनी दिलेल्या चिंध्या

आमच्या ताईला आता लोक पॉप आर्टिस्ट म्हणतात. डोळ्यांत खुपतील असे गुलाबी-हिरवे चेहरे, त्यांवर चिकटवलेले चॉकलेटचे कागद, बटणं, बाटल्यांची झाकणं. हे कुठून सुचलं, असं कोणी विचारलं की ती नुसती हसते. मी तिची धाकटी बहीण, मला हसू येत नाही. मी सरळ सांगते, सुडातून सुचलं.

त्याआधी ती मास्तरांच्या स्टुडिओत तैलरंगात माणसं रंगवायची. मास्तर म्हणजे बडं प्रस्थ. बँकेचे अध्यक्ष काय, कॉलेजचे प्राचार्य काय, सगळे त्यांच्याकडे. माणूस समोर बसला की मास्तर कोळशाने चार रेघोट्या ओढायचे, चहा पाजून त्याला वाटेला लावायचे, आणि पुढचं सगळं ताईच्या गळ्यात. शेवटी येऊन कोपऱ्यात सही ठोकली की मास्तरांचं काम संपलं.

ताईची एक सवय होती. चेहऱ्याला हात घालण्याआधी ती रंग पुसायच्या फडक्यावर त्या माणसाचा डोळा काढून बघायची. जमला तरच कॅनव्हासकडे वळायची. तेलाची फडकी ढीग करून ठेवली तर पेट घेतात, म्हणून ती खिडकीतल्या दोरीवर वाळत टाकायची. मी डबा द्यायला गेले की ते सगळे डोळे माझ्याकडे बघत असायचे.

मग मास्तरांना मोठा पुरस्कार जाहीर झाला. ताईने एवढंच मागितलं, की त्यानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये कुठेतरी बारीक अक्षरात आपलंही नाव यावं. मास्तरांचा पारा चढला. ब्रश, रंग सगळं ठेवून घेतलं आणि दोरीकडे बोट दाखवून म्हणाले, "तुझं इथे काही असेल तर त्या चिंध्या. घेऊन जा आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस."

एवढ्यावर भागलं नाही. ताई स्वतःच्या नावाने चित्रं लावायला गेली, तर यांनी गॅलरीवाल्यांचे कान भरले, की ही पोरगी माझी नक्कल करते. घ्या आता. स्वतःच्याच हाताची नक्कल केल्याचा आळ. दारं धडाधड बंद झाली. ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, आणि मी शिलाई मशीनवर बसून मास्तरांना लाखोली वाहायचे. एक दिवस ती उठली आणि म्हणाली, "तुझी कात्री दे."

बँकेच्या कॅलेंडरवर मास्तरांची चित्रं छापून यायची. ताईने ती मूळ मापात मोठी करून आणली, त्यांवर भडक रंग फासले, डोळ्याच्या जागी कात्री चालवली आणि त्या भोकात चिंधीवरचा डोळा बसवला. तंतोतंत जुळला. मागून टाके मी घातले, अगदी मन लावून. आता याला तैलचित्राची नक्कल म्हणायची कोणाची बिशाद? एका नव्या गॅलरीवालीने जागा दिली.

उद्घाटनाला मास्तरांनाच बोलवायचं, ही शक्कल माझी. मानाची खुर्ची म्हटली की ते कुठेही जातात. आले, भिंतीकडे पाहिलं आणि भडकले. "ही फडकी माझ्या स्टुडिओतली आहेत. चोरून आणलीयेत."

बँकेचे अध्यक्ष स्वतःच्याच चित्रासमोर उभे होते. मग या फडक्यावर माझा डोळा कोणी काढला, असं त्यांनी साधेपणाने विचारलं. मास्तर म्हणाले, मीच, दुसरं कोण.

ताईने पिशवीतून एक कोरं फडकं काढलं, टेबलावर पसरलं, शेजारी रंग ठेवला आणि ब्रश त्यांच्या हातात दिला. "मग एक काढा, मास्तर. जमला तर हे सगळं आत्ता उतरवते."

जमला असता तर ताई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली असती. मास्तरांनी ब्रश रंगात बुडवला, फडक्यावर धरला आणि तसाच धरून राहिले. मग हळूच खाली ठेवला. चष्मा घरी विसरलो म्हणाले. चष्मा नाकावर होता.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्याची दया यायला हवी होती. मला नाही आली. ते गेल्यावर ताईने ते कोरं फडकं भिंतीवर लावलं आणि त्याच्याखाली मास्तरांचं नाव लिहिलं.