थोरल्या जावेची जागा

झूराकान एजेच्या घरात शिरताना खाली बघून शिरावं लागायचं. दार उघडलं की समोर गोधडी. खोलीभर पसरलेली, अर्धी शिवलेली आणि अर्धी तशीच, कडेने एक पाऊल मावेल एवढीच वाट. मी तिची शेजारीण; मोठ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात, म्हणजे ताई. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून तिच्याकडे माझं जाणं-येणं, पण त्या वर्षी तिच्या हातचा चहा प्यायचा तर चोरासारखं भिंतीला चिकटून चुलीपर्यंत जावं लागे. चुकून गोधडीवर पाय पडला तर एजे काही बोलत नसे, नुसती बघत राही. त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

गोधडी दोघींची होती, झूराकानची आणि तिच्या थोरल्या जावेची, काल्बुबूची. दोघी एकाच घरात सुना म्हणून आल्या. पुढे भावाभावांनी चुली वेगळ्या केल्या, तरी मधे एक मातीची भिंत, बस. लेकीचं लग्न ठरलं की रुखवतात द्यायच्या गोधड्यांसाठी कोचकोरच्या पलीकडून लोक या दोघींकडे येत. आधी लोकर काठ्यांनी झोडून फुलवायची, अस्तरावर अंथरायची, वरून तुकड्यातुकड्यांचं जोडकाम घालायचं, आणि मग दोघींनी समोरासमोर बसून आपापल्या कडेकडून मधे येत धावदोरा घालायचा. काल्बुबू थोरली, म्हणून ती दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसे, लाकडी पेटीवर रचलेल्या गोधड्यांच्या चळतीला पाठ टेकून. झूराकान धाकटी, म्हणून ती दाराच्या बाजूला, खिडकीकडे पाठ करून. घर झूराकानचं, पण ती जागा जावेची. हे आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही. धाकटीने त्या जागेवर बसायचं नसतं, एवढं सगळ्यांना कळतं.

झूराकानचा नवरा माम्बेतकूल घोड्यावरून पडून गेला तेव्हा मी इथे नवी होते. पोरी लग्न होऊन लांब गेलेल्या. तो सगळा हिवाळा एजे कोणाशी एक शब्द बोलली नाही. बायका येऊन रडल्या, समजावून गेल्या, तिच्या तोंडाचं कुलूप निघेना. काल्बुबूने समजावलं वगैरे काही नाही. रोज यायची, लोकर अंथरायची, एजेच्या हातात सुई द्यायची आणि समोर बसून शिवायला लागायची. एक दिवस शिवता शिवता मान वर करून खिडकीकडे बघत म्हणाली, जुमाश म्हातारा चाललाय, बायकोचे बूट घालून. एजे हसली. हसली आणि मग इतकी रडली की सुई कुठे गेली ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही. हे मला खुद्द काल्बुबूने सांगितलंय.

तेव्हापासून ती रीतच पडली. रस्ता खिडकीबाहेर, काल्बुबूचं तोंड खिडकीकडे आणि एजेची पाठ. कोण चाललंय, काय घालून, कोणाबरोबर, ते थोरली सांगणार आणि धाकटी ऐकणार. वळून बघायची सोय नव्हती, वळलं की टाका वाकडा पडतो. आता गंमत अशी की एजे ऐकलेलं पोटात ठेवत नसे, आणि तिच्या बातम्या निम्म्या खोट्या निघत. गल्लीतल्या बेगिमाईला एकदा तिने विचारलं, जावयाने आणलेली खरबुजं गोड निघाली का. बेगिमाईचा जावई वर्षभर फिरकला नव्हता. एजेने काढलेला अर्थ असा की बेगिमाई चिकट आहे, खरबुजं लपवते. दोघींचं कितीतरी दिवस बोलणं बंद. माझ्या तर मागे लाल रुमालच लागला. मी म्हणे नवा लाल रुमाल बांधून भर दुपारी बाजाराच्या गाडीकडे गेले. माझ्या सासूने माझी पेटी उपसली. लाल रुमाल माझ्याकडे त्या वेळीही नव्हता आणि आजही नाही. एजे म्हणाली, नसीपा, जाऊबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, आता तू कशाला लपवतेस. मी हात टेकले.

मग काल्बुबूच्या नातीचं, आयझिरेकचं, लग्न ठरलं. मुलगी बिश्केकमधे वाढलेली, पण तिने फोन करून सांगितलं की दुकानातलं काही नको, दोन्ही आज्यांच्या हातची एक गोधडी हवी. दोघींचे पाय जमिनीवर ठरेनात. जपून ठेवलेले सगळे तुकडे त्यांनी पेटीतून काढले. माम्बेतकूलच्या सदऱ्याचा निळा त्यात होता, काल्बुबूच्या लग्नातल्या मखमलीचा जांभळाही. वरचा थर जोडून झाला, लोकर अंथरली, चारी कडा टाचून झाल्या. दुसऱ्या दिवशी धावदोरा घालायला बसायचं, तर सकाळीच काल्बुबूचा मुलगा उलारबेक बिश्केकहून गाडी घेऊन दारात. घरात लहान मूल आहे, बायको कामाला जाते, आईने यायलाच हवं. लग्नाला वर्ष होतं, म्हणून घाई नव्हती. काल्बुबू जाताना म्हणाली, "माझी बाजू माझ्यासाठी ठेव. नौरूझला येते."

एजेने आपली बाजू मध्यापर्यंत शिवली आणि तिथे थांबली. गोधडी उचलून ठेवता येईना, कारण न शिवलेल्या बाजूची लोकर सरकली असती. म्हणून मग तिने खोलीच गोधडीभोवती लावायला घेतली. तो हिवाळा तिने त्यात घालवला. जमीन गोधडीत गेली, तर भिंती होत्या. तुकड्यांच्या पिशव्या रंगावार करून खिळ्यांना टांगल्या, निळ्याशेजारी हिरवी, हिरवीशेजारी पिवळी, काळी एकदम कोपऱ्यात. सफरचंदांची खोकी एकावर एक ठेवून रिळांचे कप्पे केले. शिवणयंत्र खिडकीखाली. कात्री, अंगुस्तान, मेण, सुयांची उशी, सगळं तिच्या बसल्या जागेवरून हात लांबवला की मिळेल असं. एरवी दुसऱ्या बाईला जे करायला सांगायचं, त्याचीही तिने सोय करून ठेवली. रेघ मारायची खडूची दोरी दोघींनी ताणायची असते, तर समोरच्या बाजूचं टोक बांधायला जमिनीत खुंटी ठोकली. गोधडी उलटी करताना दुसरं टोक धरायला माणूस लागतं, तर भिंतीत आकडा बसवला. मला दाखवताना म्हणाली, हा आकडा बरा आहे, चहा मागत नाही. मी हसले, आणि घरी आल्यावर मला कसंतरीच वाटलं.

एवढं सगळं हललं, पण काल्बुबूची जागा हलली नाही. पेटीसमोर तिचं बसायचं जाड लोकरी नमद्याचं आसन, त्यावर तिचं पितळी अंगुस्तान, तिच्या बाजूची ओवून ठेवलेली सुई. एजे तिथे फडकंसुद्धा लांबूनच मारायची. मी एकदा म्हणून बघितलं की मी बसते समोर, तेवढंच लवकर होईल. तिने माझ्या हातांकडे बघितलं.

"तुझे टाके म्हणजे मेंढरं डोंगर उतरल्यासारखे. राहू दे. जाऊबाई येतील."

नौरूझचा सण आला, तेव्हा शहरातल्या बाळाला गोवर निघाला. मग म्हणाले, बर्फ वितळलं की. मग म्हणाले, शाळेला सुट्टी लागली की. एजे दर वेळी खोली झाडून, चुलीवर कणकेचे बोरसोक तळून बसायची आणि दुसऱ्या दिवशी मला ते पोत्याने आणून द्यायची. फोन यायचा, पण दोघींना फोनवर बोलताच येत नसे. "बरी आहेस?" "बरी आहे. तुम्ही बऱ्या?" "बरी. गाय देते दूध?" "देते." आणि मग नुसता श्वास. जन्मभर हातात सुई आणि मधे गोधडी ठेवून बोलायची सवय, नुसतं बोलायचं कशावर? फोन ठेवला की एजे म्हणायची, मला सांगायला काही नसतं, माझ्याकडे काय घडतं? आणि ते खरंच होतं. त्या नीटनेटक्या खोलीत काही म्हणजे काही घडत नव्हतं.

बटाटे काढायच्या सुमाराला उलारबेकचा फोन आला. काल्बुबू न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणतात बसता येईल, पण जमिनीवर कधीच नाही, आणि एवढा घाट ओलांडून गाडीचा प्रवासही नाही. लग्न पुढच्या महिन्यात, तेव्हा गोधडी आहे तशी पाठवा, इथे कोणीतरी शिंपी पुरी करेल.

एजेने फोन ठेवला आणि मला म्हणाली, शिंपी. एवढा एकच शब्द. त्यानंतर दोन-तीन दिवस तिच्या घराचा धूर मला दिसला, पण ती दिसली नाही. माझा जीव राहीना. दह्याचं भांडं घेऊन मी गेले, भिंतीला चिकटून आत शिरले आणि तशीच उभी राहिले. एजे काल्बुबूच्या जागेवर बसलेली होती.

पेटीला पाठ, नमद्याच्या आसनावर, बोटात जावेचं अंगुस्तान. थोरलीच्या बाजूचे दोन हातभर टाके घालून झालेले होते. मी वाकून बघितलं. एजेचा टाका लांब आणि सरळ, काल्बुबूचा बारीक आणि किंचित तिरका, हे गावात कोणालाही कळतं. हे टाके बारीक आणि तिरके होते. कात्रीसाठी मात्र तिला दर वेळी उठावं लागत होतं, कारण सगळं सामान तिने स्वतःच्या जागेजवळ लावलेलं, इथून काहीच हाताला येत नव्हतं. मी कात्री नेऊन दिली. तिने ती घेतली नाही.

"नसीपा, इथे बस जरा," ती म्हणाली आणि सरकली.

मी घाबरत बसले. माझं तर त्या जागेशी काहीच नातं नाही.

"समोर बघ. काय दिसतं?"

खिडकी दिसत होती. खिडकीत आभाळ, पोपलरच्या झाडाचा शेंडा आणि विजेची तार.

"आभाळ," मी म्हणाले.

"रस्ता?"

"रस्ता इथून कसा दिसेल, एजे? खिडकी केवढी उंच. उभं राहिलं तर दिसेल."

 माझ्याही डोक्यात उशिराच उजेड पडला. बेगिमाईची खरबुजं, माझा लाल रुमाल, सगळं या आसनावर बसून, या आभाळाकडे बघून रचलेलं. एवढी वर्षं. मला आधी हसू आलं, कारण सासूने उपसलेली पेटी आठवली. मग एजेच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू गेलं. ती रडत नव्हती. खिडकीतल्या तारेकडे बघत होती, आणि इतकं एकटं मी तिला माम्बेतकूल गेला तेव्हाही बघितलं नव्हतं.

"एकदासुद्धा मी वळून बघितलं नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. रोजच्या वेळी काल्बुबू फोन करायची, तोच. एजेचे हात गोधडीत, म्हणून तिने फोन शेजारी आसनावर उताणा ठेवला आणि आवाज मोठा केला. काल्बुबूचा आवाज फार खाली गेला होता.

"बरी आहेस?"

"बरी आहे. तुम्ही बऱ्या?"

"बरी. पलंगावर आहे. समोर कपाट आहे." मग श्वास. "गाय देते दूध?"

एजेने एक टाका घातला, दुसरा घातला.

"जाऊबाई, मी तुमच्या जागेवर बसलेय. तुमची बाजू शिवतेय."

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, फोन कटला. तिथे बसल्यावर काय दिसतं, ते जगात दुसरं कोणाला ठाऊक असेल तर ते तिलाच. एजेने मान वर केली, खिडकीतल्या आभाळाकडे बघितलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली,

"जुमाश चाललाय रस्त्याने. बायकोचे बूट घालून."

जुमाश म्हातारा वारला त्याला किती हिवाळे झाले. मी स्वतः त्याच्या घरी रडायला गेले होते.  पलीकडे काल्बुबूने नाक ओढलं.

"अजून तेच बूट?" तिने विचारलं.

"तेच. टाच झिजलीय."

"एकटाच आहे, की ती आहे मागे?"

"आहे ना. अनवाणी. शिव्या देत येतेय."

काल्बुबू हसली. हसताना खुबा दुखला असणार, कारण मधेच कण्हली, पण म्हणाली, पुढे सांग, आणखी कोण आहे. एजेने सुईत नवा दोरा ओवला. माझं तिथे काही काम नव्हतं. कात्री तिच्या हाताजवळ ठेवून मी उठले, भिंतीला चिकटून बाहेर आले, पायात बूट घातले. अंगणात आले तर उघड्या खिडकीतून तिचा आवाज येत होता.

"ही बघा नसीपा निघाली. लाल रुमाल बांधलाय."

माझ्या डोक्याला नेहमीचा राखाडी रुमाल होता. मी फाटक लावलं. एजे बसली होती तिथून मी दिसणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. तरी तिच्या खिडकीपुढून जाताना मी रुमाल नीट केला आणि जरा सावकाश चालले.