खालाकडची दुरडी

जेवणं आटोपली की माय उरलेल्या भाकरींची दुरडी भिंतीपलीकडच्या शेजारणीकडे, खालाकडे, ठेवायला द्यायची. आमच्याकडे मांजराचा त्रास नव्हता. त्रास माझा होता. मी मोताळ्याच्या शाळेत शिकवायला लागले, तरी दुरडी रोज जातच होती. मास्तरीणबाईंपासून भाकरी लपवावी लागते, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

माझी भूक जेवून जात नसे. पोट तट्ट व्हायचं, वाकायला जमायचं नाही, तरी आतून कोणीतरी मागतच राहायचं. माय म्हणायची, भरल्या पोटी लागते ती भूक नव्हे, चट. मला असा संताप यायचा की मी मुद्दाम आणखी खायचे.

एका वर्षी हट्टाला पेटले. रात्रीचं जेवण सोडलं, गुरुवार धरले, पहाटे चालायला लागले. अंग उतरलं, ब्लाउज आत घ्यावे लागले, माय गल्लीभर कौतुक सांगत फिरली. भूक मात्र दुप्पट झाली. शिकवताना मुलांच्या डब्यांतल्या लोणच्याचा वास आला की फळ्यावर काय लिहायचं तेच विसरायचे. पुढच्या वर्षी वजन परत आलं, येताना थोडं जास्तच घेऊन आलं.

बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्यांदा न रागावता समजावलं. पोटातून भुकेचं एक हार्मोन निघतं. जेवल्यावर ते उतरायला हवं, पण लठ्ठ माणसांत पुष्कळदा पुरेसं उतरत नाही. ‘पुरे’ सांगणारं दुसरं चरबीतून निघतं, ते भरपूर असतं, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो. आणि वजन घटलं की शरीराला उपासमार वाटते, ते भूक आणखी वाढवतं. मी एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले. घरी आल्यावर मायला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि दुरडी उचलून खालाकडे गेली.

मग मायच्याच पोटात गाठ निघाली आणि तिची भूक गेली. लोक तिच्यापुढे वाट्या धरून बसू लागले. शेगावहून प्रसाद आला, खालाने खीर आणली. ‘मनावर घे’ असं तिला कोणी म्हटलं नाही. भूक न लागणं हा आजार आहे, हे सगळ्यांना न सांगता कळत होतं. मला त्याचा राग यायचा, आणि आजारी मायवर रागावते म्हणून स्वतःचीही चीड यायची.

एका दुपारी मी तिला वरणात कुस्करलेली भाकरी भरवत होते. तिने तोंड फिरवलं.

“खावं तं लय वाट्टे,” ती म्हणाली, “पण आतून कोनी मांगतच नाही.” मग माझ्याकडे बघत राहिली. “तुले खरंच लागे काय वं भूक?”

“हाव, माय.”

तिने वाटी माझ्याकडे सरकवली.

माय गेली त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. अंगणात बायका बसल्या होत्या, आणि मला भूक लागली होती. त्याही दिवशी. लाजेने मी मान वर करत नव्हते. संध्याकाळी खाला आली, भाकरींनी भरलेली तीच दुरडी घेऊन, आणि सगळ्यांदेखत माझ्यापुढे ठेवली.

“तुही माय सांगून गेली मले,” ती म्हणाली. “मी जाईन त्या दिवशी पोरीले उपाशी ठेवू नको म्हने.”

मी जेवले.